अहो, जमीन श्वास सोडते!

हल्ली मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगत सुटलोय. भाजीवाल्याला सांगितली, वाचनालयातल्या मंडळींना सांगितली, एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगितली, तर ते मठ्ठ्याचा पेला हातात धरून तसेच बसून राहिले. गोष्ट अशी, की जगातले सगळे कारखाने, मोटारी, विमानं, वीजकेंद्रं मिळून वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतात, त्याच्या आठ-दहा पट कार्बन आपल्या पायाखालची जमीन सोडते! धूर नाही, वास नाही, आवाज नाही. माणसाच्या इंधनाचा हिशेब वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बनचा. जमिनीचा, २०१० साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या आकडेमोडीप्रमाणे, ९८ अब्ज टनांच्या आसपास. आणि ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. शाळेत नाही, कॉलेजात नाही, पेपरात नाही.

लगेच कुणी म्हणायला नको, की मग प्रदूषण जमीनच करते, आपली गाडी काय वाईट! तसं नाही. जमीन सोडते तो कार्बन आधी झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो. पानांनी घ्यायचा, मुळांनी आणि पालापाचोळ्यानं जमिनीत पोचवायचा, जमिनीनं परत द्यायचा, हे चक्र कोट्यवधी वर्षं चालू आहे. आपण त्यात जमिनीच्या पोटातून खणून काढलेला जुना कार्बन ओततो, तो वरकड. पण हे चक्र एवढं अवाढव्य आहे, की त्याचा तोल जरासा इकडेतिकडे झाला तरी आपल्या सगळ्या कारखान्यांएवढा फरक पडू शकतो. म्हणून जगभरातले लोक जंगलात जमिनीवर डबे उपडे घालून बसलेले असतात. होय, अक्षरशः डबे. मी पाहिलेत.

विज्ञानाच्या पुस्तकात याला मृदा श्वसन म्हणतात. जमिनीतली मुळं श्वास सोडतात आणि पालापाचोळा, मेलेली मुळं, ह्यूमस खाणारे जिवाणू आणि बुरश्या श्वास सोडतात. दोघांचा मिळून कार्बन डायऑक्साइड जमिनीच्या छिद्रांतून वर येतो. एवढं कळल्यावरही मी शांत राहू शकलो असतो. पण यात पाऊस शिरला आणि माझी झोप उडाली.

भाची पीएच.डी. करते. तिचं काम जंगलातल्या जमिनीवर आहे एवढंच मला माहीत होतं आणि त्यापलीकडं विचारायची हिंमत मला आर्ट्सवाल्याला होत नव्हती. यंदा भर उन्हाळ्यातल्या नवतप्यात ती म्हणाली, "मामा, येता का? डबे उचलायला माणूस पाहिजे." नागपुरात नवतप्यात घराबाहेर पडणं म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तरी गेलो. रामटेकच्या पुढं, देवलापारच्या बाजूला सागाचं जंगल आहे, तिथं परवानगी घेतलेला तिचा एक तुकडा आहे.

उन्हाळ्यातलं सागाचं जंगल तुम्ही पाहिलं असेल. सगळी झाडं उघडी. खाली सागाची ती सुपाएवढी पानं, कडकडीत वाळलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. मधेच एखादा मोहा हिरवागार, त्याला उन्हाळ्याचं काही सोयरसुतक नाही. जमीन इतकी तापलेली, की बसायला पोतं टाकावं लागलं. अशा ठिकाणी काही जिवंत असेल आणि ते श्वास सोडत असेल, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

तिनं जमिनीत पीव्हीसी पाइपाची रुंद कडी आधीच बसवून ठेवलेली होती. आधी का, तर कडी ठोकताना मुळं तुटतात, माती हलते आणि लगेच मोजलं तर जमिनीचा नेहमीचा श्वास मिळत नाही, भलताच काहीतरी मिळतो. मग त्या कडीवर एक झाकण येऊन घट्ट बसतं. त्या झाकणातून दोन नळ्या निघून एका पेटीत जातात. पेटीत इन्फ्रारेड किरणांचा सेन्सर. कार्बन डायऑक्साइड विशिष्ट लांबीचे इन्फ्रारेड किरण शोषतो. जेवढे किरण कमी पोचले तेवढा वायू जास्त. हाच गुण, म्हणजे उष्णता अडवून धरण्याचा, हवामानबदलाच्या मुळाशी आहे, आणि त्याच गुणाच्या आधारानं हे यंत्र त्याला मोजतं! झाकण बसलं की दोनेक मिनिटं आतल्या हवेत तो वायू कसा चढत जातो ते पडद्यावर रेघ होऊन दिसतं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडा जास्त. तिथून रेघ निघते. जितकी उभी चढेल तितका जमिनीचा श्वास जोरात.

"मामा, बोलू नका. आणि श्वास तिकडं तोंड करून सोडा."

म्हणजे काय, तर आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. यंत्राजवळ मी एक सुस्कारा सोडला असता तर तिचं मोजमाप गेलं असतं. जमिनीचा श्वास मोजायला माणसानं श्वास रोखायचा, हे मला फारच आवडलं.

रेघ निघाली आणि जवळजवळ आडवीच गेली. जरा म्हणून जरा वर. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी इतक्या उन्हात आलो. पण पोरीच्या चेहऱ्यावर काही निराशा दिसेना. तिनं शेजारच्या दुसऱ्या कडीवरची पानं बाजूला न करता झारीनं पाणी घातलं. मोजून. एक बऱ्यापैकी वळवाची सर येऊन गेल्यासारखं. जमिनीनं ते पाणी असं ओढून घेतलं, की वर थेंब राहिला नाही. मातीचा वास आला. तो कुणाला येत नाही! पहिल्या पावसाच्या त्या वासावर मराठीत ढिगानं लिहून झालंय. तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, ते मातीतले जिवाणू बनवतात. पण त्याच क्षणी, त्याच जिवाणूंच्या भाऊबंदांकडून, बिनवासाचा दुसरा एक वायू कितीतरी मोठ्या प्रमाणात वर येत असतो आणि त्याच्यावर एक ओळही कुणी लिहीत नाही. बिचाऱ्याला वास नाही ना.

थोड्या वेळानं तिनं झाकण लावलं. रेघ निघाली, आणि... अहो, काय सांगू! ती वर चढत गेली, चढतच गेली, पडद्याच्या वरच्या कडेला भिडेल असं वाटायला लागलं. मघाची आडवी रेघ आणि ही रेघ एकाच जंगलातल्या, हातभर अंतरावरच्या दोन जागांच्या आहेत यावर विश्वास बसेना. मी ओरडलोच, "अगं, हे काय चाललंय!"

"मामा, श्वास!"

संध्याकाळपर्यंत आम्ही फिरून फिरून मोजत राहिलो. कोरड्या कड्या ढिम्म. भिजवलेल्या कड्या उधळलेल्या. ज्या जमिनीला मी मेलेली समजत होतो ती नुसती दबा धरून बसली होती. महिनोन् महिने पाणी नाही, वर ४५-४६ अंशांचं ऊन, आणि झारीभर पाण्यावर ती अशी फुसफुसून उठते!

घरी आल्यावर मी भाचीला सोडलं नाही. हे होतं कसं? आणि ती जे सांगत गेली ते ऐकून, आपण आजवर माती नुसती तुडवत आलो याची लाज वाटली.

मातीचे कण सुटे नसतात, त्यांच्या बारीक बारीक गुठळ्या असतात. ओल असते तेव्हा कणांवर पाण्याचा पातळसा पापुद्रा असतो. जिवाणू त्या पापुद्र्यात राहतात, त्यातूनच त्यांचं अन्न विरघळून त्यांच्यापर्यंत येतं. माती वाळत गेली की पापुद्रा पातळ होतो, मग तुटतो. अन्न एका बाजूला, खाणारा दुसऱ्या बाजूला, मधे जायला रस्ता नाही. काही मरतात. काही बीजाणू होऊन पडून राहतात. आणि काही जी युक्ती करतात ती ऐका. अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून ते पेशीच्या आत अमिनो आम्लं आणि साखरेसारखे पदार्थ साठवून ठेवतात. आतला रस इतका दाट करतात, की कोरड्या मातीला त्यांच्यातून पाणी ओढून घेता येत नाही. मग अचानक पाऊस. आता हाच दाट रस जिवावर बेतू लागतो, कारण बाहेरचं पाणी आत घुसायला बघतं. पाण्यात टाकलेली मनुका टम्म फुगते, तसा जिवाणू फुगतो, आणि फुटायचं नसेल तर त्याला तो साठा घाईघाईनं बाहेर फेकावा लागतो किंवा तिथल्या तिथं जाळून टाकावा लागतो. फेकलेल्यावर शेजारी ताव मारतात. जे फुटले, मेले, तेही शेजाऱ्यांच्या पोटात जातात. शिवाय पाण्यानं मातीच्या गुठळ्या सुटतात, आत वर्षानुवर्षं दडून राहिलेला सेंद्रिय माल उघडा पडतो. शिवाय वरून शिरणारं पाणी छिद्रांतली कार्बन डायऑक्साइडनं भरलेली हवा बाहेर ढकलतं. सगळं एका वेळी, काही मिनिटांत सुरू होतं, काही तासांत शिगेला पोचतं आणि काही दिवसांत ओसरतं.

यातलं कुठलं कारण किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. मला विचाराल तर तो दाट रस ओकून टाकण्याचा भाग सगळ्यांत भन्नाट. ज्या साठ्यानं उन्हाळ्यात वाचवलं, तोच पावसाच्या पहिल्या सरीला जीव घ्यायला उठतो!

आता हे शोधलं कुणी? मला वाटलं, एखाद्या झगमगीत प्रयोगशाळेत कुणी हल्ली शोधलं असेल. छे! एच. एफ. बर्च नावाचा मृदाशास्त्रज्ञ, पूर्व आफ्रिकेत केनियातल्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात काम करत होता. १९५० चं दशक. तिथंही आपल्यासारखाच आधी कोरडा काळ, मग पाऊस. तो माती वाळवायचा, भिजवायचा, पुन्हा वाळवायचा, पुन्हा भिजवायचा, आणि दर वेळी किती वायू निघतो, किती नत्र मोकळं होतं ते मोजत बसायचा. १९५८ साली 'प्लांट अँड सॉइल'मध्ये त्याचा लेख आला. माती जितकी जास्त वाळलेली, जितका जास्त काळ वाळलेली, तितका भिजल्यावरचा उसळा मोठा. आणि पुन्हा पुन्हा वाळवून भिजवलं तर उसळे लहान लहान होत जातात, पण थांबत नाहीत. आज जगभर याला 'बर्च परिणाम' म्हणतात.

त्यातली खरी मेख इथं आहे: पाऊस किती पडला यापेक्षा तो किती कोरडीनंतर पडला, हे जमिनीला जास्त महत्त्वाचं. आपण सगळे मिलिमीटर मोजत बसतो. जमीन मधले कोरडे दिवस मोजते.

बर्चला कार्बनपेक्षा नत्राची काळजी जास्त होती, कारण पिकाला नत्र लागतं. पहिल्या पावसाच्या उसळ्यात सूक्ष्मजीवांकडून नत्रही मोकळं होतं, आणि पेरा लवकर झाला असेल तर पिकाची मुळं ते उचलतात. उशीर झाला तर पुढच्या पावसात ते धुऊन जातं. हे वाचलं आणि मला एकदम धूळपेर आठवली. आमच्याकडं कपाशीची धूळपेर करणारे लोक आहेत, पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत सरकी टाकणारे. त्यात जुगार आहेच, मृगानं दगा दिला तर दुबार पेरणी ठरलेली. पण जमलं तर जमलं. आणि चैत्र-वैशाखात नांगरट करून जमीन तापू देणारी आपली म्हातारी माणसं! "जमीन तापली पाहिजे" असं म्हणायची. ती तणांसाठी आणि किडींसाठी म्हणत असतील, पण तापलेल्या जमिनीला पहिल्या सरीचा उसळा जोरदार येतो हेही खरंच आहे की.

आणि मग भाचीनं हुकमाचं पान टाकलं. "मामा, आपल्याकडं यावर काम झालंय. मोठ्ठं." बनारस हिंदू विद्यापीठात जे. एस. सिंग नावाचे थोर परिसरशास्त्रज्ञ. त्यांनी आणि एस. आर. गुप्ता यांनी १९७७ साली पालापाचोळ्याचं कुजणं आणि मृदा श्वसन यांवर एक लांबलचक आढावा लिहिला, तो आजही जगभर संदर्भाला घेतात. आणि १९८९ साली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य पट्ट्यातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात काय पाहिलं, तर मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अंगात साठलेला कार्बन, नत्र आणि स्फुरद सगळ्यांत जास्त कधी? उन्हाळ्यात! आणि सगळ्यांत कमी? पावसाळ्यात! मी तीनदा वाचलं. आपल्याला वाटतं पावसाळ्यात सगळं फोफावतं. इथं उलटं. उन्हाळाभर सूक्ष्मजीव हे धन आपल्या अंगात धरून ठेवतात, आणि पाऊस आल्यावर, नेमकी झाडांना नवी पालवी फोडायची असते तेव्हा, ते मोकळं करतात. हा लेखही 'नेचर'मध्ये छापून आला. विंध्याचलातली ती जंगलं आणि आमची ही सागाची जंगलं कोरडेपणानं एकमेकांची सख्खी नसली तरी चुलत भावंडं नक्कीच. वाघ बघायला आलेल्या जिप्सीच्या चाकाखाली एवढं मोठं सावकारी खातं चालू असतं आणि गाइड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही!

मुळांचं सांगायचं राहिलं. जमिनीच्या श्वासात मुळांचा वाटा किती हे ठरवायला २००० च्या सुमारास उत्तर स्वीडनच्या पाइनच्या जंगलात पेटर होगबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग केला. झाडांच्या खोडांवरची साल गोल कडं काढून सोलली, म्हणजे पानांत बनलेली साखर मुळांपर्यंत पोचणार नाही. एक-दोन महिन्यांत जमिनीचा श्वास शेजारच्या जंगलापेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी कमी! म्हणजे तिथं जमिनीतून वर येणाऱ्या कार्बनचा अर्ध्याहून जास्त भाग हा ताजा माल, काही दिवसांपूर्वी पानांत बनलेला. दुष्काळ पडला की झाड पानांची रंध्रं मिटून घेतं, साखर कमी बनते, मुळांचा श्वास मंदावतो. सागासारखं झाड तर पानंच टाकून मोकळं होतं. म्हणून आमची ती नवतप्यातली आडवी रेघ. वरून पुरवठा बंद, खालून सूक्ष्मजीव झोपलेले.

तर मग सरळ हिशेब झाला की! दुष्काळ म्हणजे श्वास कमी, पाऊस म्हणजे श्वास जास्त. मी असं फोनवर भाचीला ठणकावून सांगितलं. ती हसली आणि मला जगभरच्या जंगलांच्या फेरीवर घेऊन गेली. या फेरीतून मी अजून परतलेलो नाही.

काही लोकांनी जंगलात दुष्काळ मुद्दाम पाडला, हे तुम्हाला माहीत आहे का? अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिजजवळ वॉकर ब्रांच नावाच्या पाणलोटात पॉल हॅन्सन आणि मंडळींनी १९९३ पासून तेरा वर्षं हे केलं. झाडांच्या खाली हजारोंच्या घरात पन्हाळी बांधल्या. एका तुकड्यात पानांतून ठिबकणाऱ्या पावसाचा तिसरा हिस्सा पन्हाळींत गोळा व्हायचा आणि उतारानं दुसऱ्या तुकड्यावर जाऊन पडायचा. एका तुकड्याला दुष्काळ, दुसऱ्याला तेवढीच अतिवृष्टी, मधला तुकडा जसा आहे तसा. जंगलाच्या ताटातून एक घास काढून शेजारच्या ताटात वाढायचा, तेरा वर्षं! ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या काशिवाना जंगलात तर २००२ पासून एक हेक्टरवर प्लास्टिकचे पत्रे लावून पडणाऱ्या पावसापैकी साधारण निम्मा अडवला. चिकाटी तरी किती असावी माणसाला. तिथल्या कोरड्या पडलेल्या जमिनीचा श्वास घटला, आणि काही वर्षांनी मोठी मोठी झाडं मरायला लागली.

इथवर माझा हिशेब बरोबर. आता कोस्टारिका. तिथल्या ओसा द्वीपकल्पावरच्या चिंब पावसाच्या जंगलात असाच पाऊस अडवला, २०१० साली निकाल छापून आले, आणि जमिनीचा श्वास घटायच्या ऐवजी वाढला! पोर्तो रिकोत तर प्रयोगाचीही गरज पडली नाही, २०१५ साली कॅरिबियन बेटांवर खरोखरचा दुष्काळ पडला. लुकियोच्या डोंगरात आधीपासून स्वयंचलित डबे मांडून ठेवलेले होते. दुष्काळात उतारांवरच्या जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ६० टक्क्यांनी वाढला आणि खोलगट दरीतल्या जमिनीतून निघणारा १६३ टक्क्यांनी!

का? तर ती जमीन एरवी पाण्यानं गच्च असते. छिद्रांत पाणी भरलेलं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. सूक्ष्मजीवांना खायला भरपूर, पण श्वास घ्यायला हवा नाही. त्यांच्यासाठी दुष्काळ म्हणजे खिडकी उघडली! देवलापारला जे काम झारीभर पाण्यानं केलं, तेच काम पोर्तो रिकोत पाणी हटल्यानं झालं. एकाच गोष्टीची ही दोन टोकं: जमिनीला पाणीही हवं आणि हवाही हवी, आणि जे कमी पडतंय ते मिळालं की ती उसळते. ढोबळ मानानं छिद्रांचा साठेक टक्के भाग पाण्यानं भरलेला असला की सूक्ष्मजीवांचं काम सगळ्यांत जोरात चालतं, असं मानतात. त्याच्या अलीकडं तहान, पलीकडं घुसमट.

म्हणजे आपल्याच राज्यात बघा. उन्हाळ्यात आंबोलीची किंवा महाबळेश्वरची जमीनही तहानलेली असणार. मृगात उसळा. मग आषाढातली ती संततधार, दिवस दिवस न थांबणारी, त्यात तीच जमीन गुदमरणार. आणि श्रावणातल्या ऊन-पावसात पुन्हा मोकळा श्वास. हे शेवटचे दोन टप्पे मी माझ्या मनानं रंगवतोय हे खरं, पण तर्काला धरून आहे असं भाचीनं मान्य केलं, आणि ती सहसा काही मान्य करत नाही.

एक गंमत मधेच सांगतो. २०१५-१६ च्या एल निनोच्या दुष्काळात बोर्निओतल्या पर्जन्यवनात काही तुकड्यांतल्या वाळव्या मारून बघितल्या. जिथं वाळव्या होत्या तिथं दुष्काळातही पाचोळा कुजत राहिला, मातीत ओल टिकली आणि रोपं जास्त जगली. सूक्ष्मजीव पाण्यावाचून हतबल, पण वाळवी आपलं पाणी आणि हवामान वारुळातच सांभाळते. त्या दिवशी देवलापारला जंगलात पुरुषभर उंचीची वारुळं होती, आणि मी त्यांच्याकडं फक्त नाग असेल म्हणून लांबून बघत होतो.

आता जरा गंभीर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. मध्य भारत, म्हणजे आमचा विदर्भही त्यात आला. पाऊस असा एकदम कोसळायचा आणि मधे ओढ द्यायची, हे चाललंय ते शेतकरी रोज बघतोच. वर्षाची बेरीज तीच दिसली तरी जमिनीच्या दृष्टीनं ते वर्ष वेगळं असतं. कोरड, उसळा, कोरड, उसळा. बर्चच्या प्रयोगशाळेतली बशी आता आख्ख्या जंगलाएवढी झालीय असं समजा. आणि अतिवृष्टीत घुसमट वेगळीच.

दुष्काळात जमीन कमी कार्बन सोडते म्हणजे बरंच झालं, असंही वाटायला नको. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची भयंकर लाट आणि कोरड एकत्र आली. जंगलांचा, जमिनींचा श्वास घटला. पण झाडांचं कार्बन ओढून घेणं त्याहून जास्त घटलं, सुमारे ३० टक्क्यांनी. फिलिप सियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या एका वर्षात युरोपातल्या हिरव्या पट्ट्यानं सुमारे अर्धा अब्ज टन कार्बन उलट हवेत सोडला. आधीच्या चार वर्षांची बचत एका उन्हाळ्यात साफ.

एवढं ऐकल्यावर जमिनीचा श्वास घरी स्वतः मोजून बघायचं माझ्या डोक्यात बसलं. यंत्र लाखांत जातं, ते माझ्याच्यानं काही होणार नव्हतं. पण भाची म्हणाली, यंत्र यायच्या आधी लोक काय करत होते? १९२० च्या दशकात स्वीडनचे हेन्रिक लुंडेगार्ड जमिनीचा श्वास मोजतच होते. पुढं कित्येक वर्षं जगभर जमिनीवर डबा उपडा घालून आत आम्लारीच्या द्रावणाची वाटी ठेवायचे. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषायचं, मग किती शोषला ते प्रयोगशाळेत काढायचं. भारतातलं पुष्कळसं जुनं काम असंच झालं. आणि आम्लारीचं द्रावण म्हटल्यावर माझ्या डोक्यात शाळेतलं ते वाक्य लखकन चमकलं, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला झोपेतही येतं: चुन्याची निवळी दुधाळ होते!

केलं मी घरी. देवलापारहून आणलेली पानांखालची कोरडी माती दोन बरण्यांत घातली. दोन्हींत निवळीची एकेक वाटी ठेवली. एका बरणीतली माती भिजवली, दुसरी तशीच कोरडी, आणि झाकणं घट्ट. सकाळी उठून चहाच्या आधी बघायला धावलो. कोरड्या बरणीतली निवळी होती तशी, कडेला जराशी साय धरलेली. भिजलेल्या बरणीतली वाटी पांढरीफट्ट! तळाला खडूचा थर. आमच्या घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. बायको म्हणाली, "बरणी माझी लोणच्याची आहे." असेना का. त्या वाटीतला तो पांढरा साका म्हणजे सागाची पानं होती, कालपर्यंत.

तुम्हीही करा. त्यासाठी जंगलातच जायला पाहिजे असं नाही. रस्त्याकडेच्या जुन्या झाडाखालची, पानांनी झाकलेली, निदान महिनाभर पाणी न मिळालेली माती ओंजळ-दोन ओंजळ पुरते. खायचा चुना चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा, रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी हलक्या हातानं ओतून घ्या. मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, चुना झोंबतो. वाटी अशी ठेवा, की भिजवताना माती तिच्यात उडणार नाही. बरणी काचेची, मोठी आणि पक्क्या झाकणाची असू द्या. कोरड्या मातीची जोडीची बरणी विसरू नका, नाहीतर कशाशी ताडून बघणार? आणि हे मृग लागायच्या आधी करा, एकदा पाऊस बसला की अशी कोरडी माती पुन्हा दिवाळीनंतरच मिळायची. काय दिसलं ते मला जरूर कळवा.